लिप ग्लॉसची दुसरी नळी: नाव तेच, यादी वेगळी

पहिली नळी संपली तेव्हा याला पाच स्टार द्यायचे ठरवले होते. दुसरी उघडल्यावर दोनावर आले. आता तीन देतेय, आणि त्यातला तिसरा का दिला तेही सांगते.

शेड, किंमत, कांडी कशी आहे, हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात जागा घालवत नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही. बहुतेक ग्लॉसमध्ये हेच पदार्थ फिरून फिरून येतात, त्यामुळे तुमच्या पर्समधल्या नळीलाही यातलं बरंच लागू पडेल.

पावसाळ्यापासून वापरतेय. कोल्हापुरात राजारामपुरीतून महाद्वार रोडपर्यंत स्कूटीवर जायचं म्हणजे तोंडाला स्कार्फ आलाच. आधीचे ग्लॉस अर्धे स्कार्फलाच पुसले जायचे. हा मात्र टिकला. दुकानात पोचून स्कार्फ सोडला की कापडाचं एखादं सूत ओठाला चिकटून आलेलं असायचं, ते हलकेच ओढून काढलं की खाली चमक जागच्या जागी. दोन चहा झाले तरी तशीच. तांबडा रस्सा असेल त्या दिवशी कुठलाच ग्लॉस टिकत नाही, त्याची तक्रार नाही. रश्श्यावरच्या तेलात ग्लॉस विरघळतो, कारण ग्लॉस म्हणजे मुळात तेलंच.

टिकण्याचं कारण खोक्यावरच्या घटकांच्या यादीतलं पहिलंच नाव: पॉलिब्युटीन. पेट्रोलियमपासून बनतं हे कळल्यावर मला ते नकोसं झालं होतं. आता मत बदललंय. त्याचे रेणू मोठे असतात, ते कातडीत मुरत नाहीत, वरच बसून राहतात. बोटांच्या चिमटीत ग्लॉस धरून बोटं लांब केली की एकतारी पाकासारखी तार निघते, ती याचीच. चिकटपणाही त्याचाच, पण तो काढला तर चमकही जाते. त्यानंतर होतं ऑक्टिलडोडेकॅनॉल, जे ते पातळ करतं, मग रिसिनस कम्युनिस सीड ऑइल, म्हणजे आपलं एरंडेल. नुसतं एरंडेल मी लावून पाहिलंय. चमक छान येते, पण थोड्या वेळात ओघळून हनुवटीकडे येतं. त्याला धरून ठेवायला सिलिका लागते. ती ग्लॉस घट्ट करते आणि रंग तळाला बसू देत नाही.

मग सेलमध्ये दुसरी नळी घेतली. खोक्यावर ‘नवं रूप’ अशी सोनेरी पट्टी. नाव तेच, शेड तीच, किंमत थोडी जास्त. लावलं की गार वाटायचं, मग चुरचुर सुरू. आठवडाभरात ओठांच्या कडा लाल झाल्या आणि साल निघायला लागली. घरच्यांनी थंडीवर ढकललं. पण थंडीत माझे ओठ मधोमध फुटतात, कडेला नाही. शिवाय तिखटाने ओठ झोंबले तर पाणी प्यायल्यावर उतरतं, हे रात्री झोपतानाही जाणवत होतं.

त्वचेच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, “खोका आणलाय का? यादी दाखवा.” नळीवर यादी नाहीच! नळीवर नाव, शेड, बॅच नंबर, तारखा आणि एक गुलाबाचं चित्र. काय घातलंय ते फक्त पुठ्ठ्याच्या खोक्यावर, जो शंभरातल्या नव्वद जणी त्याच दिवशी कचऱ्यात टाकतात. या एका गोष्टीवर माझा राग सगळ्यात जास्त आहे आणि तो जाणार नाही. चित्राच्या जागी यादी छापता आली असती. नवा खोका कपाटात होता. जुनाही होता, कारण त्यात मी टिकल्यांची पाकिटं ठेवते.

सासऱ्यांचं पेपर वाचायचं भिंग घेऊन दोन्ही खोके शेजारी शेजारी ठेवले. पहिली पाच नावं तंतोतंत तीच. फरक शेपटाला. नव्या खोक्यावर दोन नावं जादा: मेन्थॉल आणि व्हॅनिलिल ब्यूटिल इथर. पहिलं गार करतं, दुसरं ऊब आणतं. ओठ भरलेले दिसावेत म्हणून अशी घालतात. त्यांनी ओठांत जरा चुरचुर होते, रक्त धावतं, किंचित सूज येते आणि ओठ फुगीर दिसतात. काही ग्लॉसमध्ये याच कामाला मिरचीचा अर्क असतो. ओठांवरचा कातडीचा थर पातळ असतो, घामाच्या ग्रंथीही नसतात. एखादीला हे सहज चालून जातं, मला चाललं नाही. डॉक्टरांचं म्हणणंही हेच, की ही ॲलर्जी नसून चुरचुरीने झालेला त्रास वाटतो. सगळं बंद करून फक्त पेट्रोलियम जेली लावायला सांगितली. पुन्हा झालं तर पॅच टेस्ट, म्हणजे कातडीवर पट्ट्या लावून कशाची ॲलर्जी आहे ते बघायची चाचणी, करू म्हणाले, कारण सुगंधी द्रव्यं, लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीतलं मेण), अगदी एरंडेलसुद्धा काहींना बाधतं. जेलीने कडा बऱ्या झाल्या.

कस्टमर केअरला फोन केला. “मॅम, फॉर्म्युला सेमच आहे, फक्त पॅकिंग नवीन.” मी म्हटलं, दोन्ही खोके माझ्या हातात आहेत, वाचून दाखवू का? होल्डवर ठेवलं. मग दोन्ही याद्यांचे फोटो मेल केले. उत्तरात पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन आलं. ओठ सोलले म्हणून लिहिलं, त्यावर कूपन! परत घेणार नाहीत, कारण उघडलेली वस्तू. हे मी समजू शकते. पण उघडल्याशिवाय झोंबतं की नाही हे कळणार कसं?

यादी वाचायला शिकले त्यातून पैशाचाही एक हिशोब कळला. १ टक्क्याहून जास्त असलेले पदार्थ उतरत्या क्रमाने लिहितात, त्याखालचे कुठल्याही क्रमाने. आता फिनॉक्सिइथेनॉल शोधा. हे टिकवण्यासाठी घालतात आणि युरोपच्या नियमात त्याची मर्यादाच १ टक्का आहे. म्हणजे त्याच्यानंतर जे जे येतं ते साधारण १ टक्का किंवा त्याहून कमी. नव्या खोक्याच्या तोंडावर मोठ्या अक्षरात हायलुरॉनिक ॲसिड, म्हणजे ओलावा धरून ठेवणारा पदार्थ, आणि गुलाबाचं तेल. यादीत दोन्ही फिनॉक्सिइथेनॉलच्या मागे. ४ मिलीच्या नळीत त्यांचे किती थेंब येणार? वाढीव किंमत मी त्यांच्यासाठी मोजली होती.

माझी जैन मैत्रीण चातुर्मासात कंदमुळंही खात नाही. तिने हाच ग्लॉस मागवायला घेतला होता. यादीच्या शेवटी रंगांचे आकडे असतात, त्यातला सीआय (कलर इंडेक्स) ७५४७० म्हणजे कारमाईन. निवडुंगावर वाढणारे कोचिनियल किडे वाळवून तो लाल रंग काढतात, मुख्यतः पेरूमध्ये. अमेरिकेत २०११ पासून त्याचं नाव लेबलवर स्पष्ट लिहावं लागतं. आपल्याकडच्या या खोक्यावर नुसता आकडा, आणि त्याच्याआधी अधिक-उणेचं चिन्ह. त्या चिन्हाचा अर्थ, पुढचे रंग या मालिकेतल्या कुठल्या तरी शेडमध्ये आहेत, तुमच्या शेडमध्ये असतील किंवा नसतीलही. शाकाहारी बाईने यावरून ठरवायचं काय? आणि मधमाशीचं मेण, म्हणजे सेरा आल्बा, हेही तिने बघायलाच हवं, ती मधही खात नाही. खोक्यावर ‘नॅचरल’ लिहिलंय. किडा नॅचरलच आहे.

तिसरा स्टार यासाठी, की बऱ्याच मेलांनंतर कंपनीतल्या एका बाईंनी सरळ उत्तर दिलं. मेन्थॉल आणि ते ऊब आणणारं, दोन्ही नव्याने घातलेत हे कबूल केलं आणि आमच्या शेडची वेगळी यादी पाठवली. तिच्यात कारमाईन नाही. सेरा आल्बा मात्र आहे, त्यामुळे मैत्रिणीने घेतला नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर जुना माल अजून मिळतो. लक्ष्मीपुरीतल्या होलसेलवाल्याकडे सोनेरी पट्टी नसलेले खोके होते, त्यातला एक घेतला. आधी मुदत बघितली, मग त्याच्यासमोरच भिंग काढून यादी वाचली. तो बघत राहिला. बघू दे. या नळीने आजवर झोंबलं नाही.

नवीन नळी घेणार असाल तर खोका नळी संपेपर्यंत ठेवा, निदान यादीचा फोटो काढून ठेवा. आणि ज्यांच्याकडे याच मालिकेतली गडद मरून शेड नव्या खोक्यात आहे, त्यांनी यादीचा शेवटचा भाग वाचता येईल असा फोटो खाली टाका. माझ्या बहिणीला ती हवी आहे.