एडीएचडी असलेल्या मुलाची झोप आणि हालचाल: ॲक्टिग्राफ घ्यावा की फिटनेस बँड?

एडीएचडी (लक्ष न टिकणे, अतिचंचलपणा आणि उतावळेपणा ही लक्षणे असलेला विकार) असलेल्या अनेक मुलांना अंथरुणावर पडल्यावर लवकर झोप लागत नाही, आणि त्यावरचे मिथाइलफेनिडेटसारखे औषध चालू असेल तर झोप लागायला आणखी उशीर होऊ शकतो. अशा वेळी मनगटावर बांधायचे कोणते साधन निवडावे, हा पालकांपुढचा प्रश्न रास्त आहे. डॉक्टरांमार्फत मिळणारा, हालचालींवरून झोप-जाग नोंदवणारा ॲक्टिग्राफ आणि बाजारातला फिटनेस बँड किंवा स्मार्टवॉच हे त्यातले दोन मुख्य पर्याय.

हालचाल टिपणारा सेन्सर दोन्हींत असतो. फरक पडतो तो पुढच्या हिशेबात. ॲक्टिग्राफच्या मूळ नोंदी डॉक्टरांना पाहता येतात आणि त्यांवरून झोप-जाग ठरवणारी सूत्रे, उदाहरणार्थ १९९४चे संशोधक सादेह यांचे सूत्र, प्रसिद्ध झालेली आहेत. बँड हालचालीला नाडीच्या ठोक्यांची जोड देऊन हलकी झोप, गाढ झोप असे अंदाज दाखवतो. पण त्याचे सूत्र सहसा कंपनीपुरतेच राहते आणि सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्यावर तेही बदलू शकते. औषधाची वेळ बदलण्यापूर्वीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवायचे असतील, तर मला ही उणीव फार मोठी वाटते.

एक दोष मात्र दोघांचाही आहे. दिवा मालवल्यावर छताकडे पाहत तासभर निश्चल पडून राहिलेले मूल यंत्राच्या लेखी झोपलेले असू शकते, तर झोपेतच सारखी कूस बदलणारे मूल जागे ठरते. म्हणून झोपेची नोंदवही दोन्हींबरोबर हवीच: दिवा केव्हा मालवला, सकाळी जाग केव्हा आली, दुपारी डुलकी लागली का, औषध किती वाजता दिले, पट्टा केव्हा काढून ठेवला. वही नसेल तर महागड्या यंत्राचा आलेखही नीट वाचता येत नाही.

दिवसाच्या हालचालीबाबत मनगटावरचा आकडा आणखी जपून वापरावा. वर्गात बसल्याबसल्या बाकावर पेन्सिल आपटणाऱ्या हाताची हालचालही त्यात जमा होते. उलट सायकलच्या हँडलवर हात स्थिर असल्याने पायांचे कष्ट कमी दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोमदार हालचाल सुचवली आहे; ती झाली का, याचा ढोबळ अंदाज बँड देऊ शकतो. एडीएचडीचे निदान मात्र कोणत्याही पट्ट्यावरून होत नाही. त्यासाठी डॉक्टरांचे परीक्षण आणि घर व शाळा या दोन्हींकडची माहिती लागते.

मूल घोरत असेल किंवा झोपेत त्याचा श्वास अडत असेल, तर या दोन्हींत वेळ घालवू नये; डॉक्टरांना दाखवावे, कारण श्वासाचा अडथळा तपासायला पॉलिसोम्नोग्राफी, म्हणजे झोपेत श्वास, मेंदूच्या लहरी इत्यादी नोंदवणारी तपासणी लागते.

औषधाचा परिणाम किंवा झोप लागण्यातला विलंब डॉक्टरांसह तपासायचा असेल, तर शाळेचे आणि सुट्टीचे दिवस धरून एक ते दोन आठवडे ॲक्टिग्राफ बांधावा, असे माझे मत आहे. घरातली झोपेची वेळ मार्गी लावणे एवढाच हेतू असेल तर बँड पुरतो. त्यातही पडदा नसलेला घ्यावा, कारण चमकणारा पडदा हाच या मुलांचा नवा चाळा होतो. पट्टा मऊ हवा, नाहीतर टोचू लागताच मूल तो रात्रीतून काढून टाकते. मुलाची माहिती कोठे साठते हे खरेदीपूर्वी वाचावे, आणि सकाळी दिसणारे झोपेचे गुण मुलाला दाखवू नयेत. कमी गुण मिळाल्याच्या धास्तीनेही पुढच्या रात्री त्याचा डोळा लागत नाही.