‘बॅक कंप्रेशन’ म्हणत इंजिन उतरवलं, दोष निघाला रबराच्या रिंगेत

मी विक्रोळी पार्कसाइटला राहतो. २००९ची डिझेल पिकअप आहे, जुन्या पद्धतीच्या यांत्रिक डिझेल पंपाची, सेन्सर-बिन्सर काही नाही. रात्री वाशीच्या भाजी मार्केटला जायचं, माल भरायचा, उजाडायच्या आत घाटकोपर ते भांडुपच्या दुकानांत टाकायचा, हा धंदा. गाडी जुनी असली तरी घर तिच्यावरच चालतं.

गेल्या पावसाळ्यात गाडी सुरू व्हायला त्रास द्यायला लागली. रात्री निघताना सेल्फ मारत बसायचं, बॅटरी रडायला लागायची, मग एकदम पांढरा धूर सोडत इंजिन धरायचं आणि अर्ध्या मिनिटात बंद पडायचं. फिल्टरवरचा हातपंप वीस-पंचवीस वेळा दाबला की मग नीट चालायची. धुराला कच्च्या डिझेलचा वास, डोळे चुरचुरायचे. एकदा रस्त्यावर लागली की दिवसभर काही तक्रार नाही. ॲव्हरेज तेवढंच, चढाला ओढ तेवढीच, आणि दोन सर्व्हिसच्या मधे ऑइल टाकावं लागायचं नाही. ही शेवटची गोष्ट म्हणजे इंजिन आतून शाबूत असल्याची खूण, पण मी ती कुणाला सांगितलीच नाही. कुणी विचारलंही नाही.

गणपती पंधरा दिवसांवर आले होते. फुलं, मखरं, मंडपाचं सामान, वर्षातली सगळ्यात मोठी भाडी हातात. नेहमीचा मेकॅनिक गावी गेलेला, म्हणून हायवेलगतच्या एका गॅरेजात गेलो. नाव लिहीत नाही.

तिथल्या माणसाने इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं. भोकातून धूर असा भकभक आला की माझ्या पोटात गोळा आला. त्याने झाकण उलटं करून भोकावर ठेवलं, ते थयथय नाचलं आणि खाली पडलं. “दादा, बॅक कंप्रेशन आलंय. रिंगा गेल्या. आज नाही उघडलं तर भर रस्त्यात इंजिन जाम होईल, मग टोचन लावून आणावी लागेल.” बॅक कंप्रेशन म्हणजे पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजून सिलिंडरमधला धूर खाली इंजिनात उतरणं. मी मोबाइलवर व्हिडिओ काढून मेव्हण्याला पाठवला. त्या व्हिडिओकडे परत येतो.

आधी गॅरेजवाला म्हणाला, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून हाफ इंजिन, म्हणजे दुसऱ्या गाडीचं ब्लॉक-पिस्टनसकट जुनं अर्धं इंजिन, आणू, स्वस्तात पडेल. मेव्हण्याने फोनवरच अडवलं. इंजिनाचा नंबर ब्लॉकवर असतो आणि तोच आरसी बुकात असतो. आठ वर्षांपेक्षा जुन्या मालवाहू गाडीला फिटनेस दरवर्षी करावं लागतं. पासिंगला नंबर जुळला नाही तर गाडी दारात उभी. ते वाचलं. मग ठरलं लायनर-पिस्टनचं काम, म्हणजे सिलिंडरचं आतलं अस्तर आणि पिस्टन बदलायचे, ५५,००० रुपये.

हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरल्यावर आकडा वाढायला लागला. हेडला तडा आहे म्हणे, व्हॉल्व्ह बसत नाहीत म्हणे, डिझेल फवारणारे नोझल पण करून घ्या म्हणे. गाडी चार तुकड्यांत पडलेली, गणपती तोंडावर, दुसरीकडे न्यायची तर टेम्पोत घालून न्यावी लागेल. अशा वेळी माणूस फक्त मान हलवतो. शेवटी ७१,५०० झाले. त्यातले ४०,००० मोबाइलवरून, तेही “पार्टवाल्याचा नंबर आहे” म्हणून दुसऱ्याच कुणाच्या नावावर. बाकी रोख. बिल कॅलेंडरच्या फाटक्या पानाच्या मागे. दहा दिवस भाड्याने टेम्पो घेऊन खेपा मारल्या तो खर्च वेगळा.

गाडी ताब्यात देताना त्याने अर्ध्या सेल्फला सुरू करून दाखवली. मी खूश. गणपतीचे दिवस असे गेले की गाडी धड उभी राहिलीच नाही. अनंत चतुर्दशी झाली, दुसऱ्या रात्री ती पार्कसाइटच्या चढावर तोंड वर करून लावली आणि झोपलो. पुढच्या रात्री निघताना तोच सेल्फ, तोच पांढरा धूर, तोच हातपंप.

गॅरेजात गेलो तर म्हणाला, “नवीन काम आहे, थोडं टाइट असतं, बसेल हळूहळू.” दोन आठवडे मी ते बसायची वाट बघत होतो. हसू नका.

मग मानखुर्दला डिझेल पंप दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी गाडीला हातच लावला नाही, आधी विचारलं, “लावता कुठे? सपाटीला की चढावर?” चढावर म्हटल्यावर हसले. वाशीला सपाट जागेत रात्रभर राहिली होती तेव्हा कशी सुरू झाली, हे विचारलं. तेव्हा मला आठवलं, तिथे एका सेल्फला झाली होती. आणि त्या गॅरेजातली जमीनही सपाटच होती.

काकांनी फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये रबरी पाइपऐवजी हातभर पारदर्शक नळी बसवली आणि गाडी चालू केली. नळीतून डिझेलबरोबर मोहरीएवढे बुडबुडे एकामागे एक पळत होते. गाडी एअर घेत होती. टाकीपासून पंपापर्यंतच्या भागात डिझेल ओढलं जातं, त्यामुळे तिथे फट असेल तर डिझेल बाहेर ठिबकतंच असं नाही, हवा आत शिरते. गाडी तोंड वर करून उभी राहिली की रात्रभरात डिझेल मागे टाकीत उतरतं आणि पंप कोरडा पडतो. पाणी साठणाऱ्या फिल्टरच्या वाटीची रबरी रिंग काढली तर चिरलेली आणि बिस्किटासारखी कडक. ती रिंग, डिझेलचे पाइप जोडणाऱ्या बँजो बोल्टचे चार तांब्याचे वायसर, मजुरी, सगळं मिळून ५४० रुपये. रात्रभर चढावर ठेवली, पहिल्या सेल्फला सुरू.

“मग ते बॅक कंप्रेशन?” मी विचारलं आणि तो व्हिडिओ दाखवला. काकांनी दोनदा बघितला, मग एका जागी थांबवून बोट ठेवलं. “हा ब्रीदरचा पाइप. याला पकड का लावलीय?” पाहिलं तर हेडवरून निघणाऱ्या त्या जाड पाइपला लॉकची पकड चावलेली होती, अर्धी कापडाखाली. थोडा धूर प्रत्येक डिझेल इंजिनात रिंगांच्या बाजूने खाली जातोच, तो ब्रीदरने बाहेर पडतो. तो रस्ता चिमटला तर धूर झाकणाच्या भोकातूनच येणार आणि झाकण नाचणारच. काका म्हणाले, रिंगांबद्दल शंका असेल तर नोझल काढून त्या भोकात डिझेलचं कंप्रेशन मीटर लावायचं. प्रत्येक सिलिंडरचा आकडा कागदावर यायला हवा. पेट्रोल गाडीचं मीटर इथे चालत नाही. तासाभराचं काम. माझ्या गाडीला ते मीटर कुणी लावलंच नव्हतं.

जुने पार्ट म्हणून मला एक गोणी दिली होती. ती घरी उघडली. तीन पिस्टन एका जातीचे, चौथा वेगळाच, माथ्याचा खळगासुद्धा निराळा. एकाच इंजिनातून असे चार निघणं शक्य नाही. आत नक्की काय घातलंय ते कळायला पुन्हा हेड उतरवावं लागेल आणि ते मी करणार नाही.

व्हिडिओ घेऊन गॅरेजात गेलो. “पाइप गळत होता म्हणून धरला होता,” एवढंच उत्तर. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, तेव्हा का नाही मागितलं? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. धंद्याची गाडी आहे म्हणून मला वाटत होतं की आपण ग्राहकात बसत नाही. पण २०१९च्या कायद्यात स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणारा माणूस ग्राहकच धरला आहे. जिल्हा ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही. तक्रार टाकली आहे. सोबत तो व्हिडिओ, मोबाइलवरच्या ४०,०००ची नोंद, कॅलेंडरचं पान आणि पिस्टनचे फोटो. रोख दिलेल्या ३१,५०० रुपयांचा पुरावा म्हणजे फक्त मी.

पारदर्शक नळी काकांनी काढू दिली नाही. डिझेलने ती कडक होते, दोन-तीन महिन्यांनी बदल, म्हणाले. रात्री निघताना बॉनेट उघडून तिच्यावर टॉर्च मारतो, बायको खिडकीतून विचारते, “दिसतायत का बुडबुडे?”