आंब्याच्या पानांचा डीएनए: किट घ्यावे की सीटॅबच बरे?

हापूस, केशर, पायरी यांची कलमे ओळखायला एसएसआर मार्कर (डीएनएमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांच्या खुणा) लावायचे, तर आधी पानांतून असा डीएनए काढायला हवा की पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची प्रक्रिया) बिनतक्रार चालेल. स्पिन कॉलमचे किट (सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवताना डीएनए पडद्यावर धरणाऱ्या नळ्या) आणि जुनी सीटॅब पद्धत (सीटॅब नावाच्या डिटर्जंटच्या बफरने डीएनए काढण्याची), दोन्हींवर मी भरपूर काम केले आहे. भाताच्या कोवळ्या पानांसाठी काहीही घ्या, फारसे बिघडत नाही. आंब्याचे तसे नाही.

किटची सोय मान्यच आहे. क्लोरोफॉर्म नाही, बीटा-मर्कॅप्टोइथेनॉलचा उग्र वास नाही आणि नमुने झटपट हातावेगळे होतात. नॅनोड्रॉपवर (डीएनए मोजायच्या यंत्रावर) 260/230 हे शुद्धतेचे गुणोत्तर कमी दिसले की नवी मुले घाबरतात. पण बऱ्याचदा तो बफरमधल्या ग्वानिडीन क्षाराचा अंश असतो आणि पीसीआरला सहसा आड येत नाही. वॉश बफरमधले इथेनॉल मात्र मागे राहू देऊ नका. रिकामा कॉलम एकदा जास्तीचा फिरवून कोरडा करा.

माझे गाडे अडले ते कॉलम तुंबण्यावर. आंब्याचे जून पान वाटले की लायसेट (पेशी फोडून निघालेला द्रव) बुळबुळीत होते. कॉलमवर ओतले तर खाली उतरतच नाही. पुन्हा फिरवले तरी वर चिकट थर तसाच, आणि पांढरा पडदा तपकिरी पडलेला. वॉश देऊनही तो रंग पुरता जात नाही. अशा डीएनएचे 260/280 हे शुद्धतेचे दुसरे गुणोत्तर कधी कधी 1.8 च्या, म्हणजे शुद्ध डीएनएच्या, जवळ येते, तरी पीसीआरनंतर जेलवर बँड नाही. तोच नमुना 10 पट पातळ केला की बँड लख्ख उठतो. म्हणजे डीएनए होता, पण पानातले पॉलिफेनॉल आणि पॉलिसॅकराइड (चिकट शर्करा) पीसीआरमधल्या पॉलिमरेज एन्झाइमला काम करू देत नव्हते. बरे, कॉलम तुंबला की तिथे आपल्या हातात फारसे काही उरत नाही.

सीटॅबमध्ये हात घालायला जागा असते, हे मला फार मोलाचे वाटते. बफरमध्ये 2 टक्के पीव्हीपी (पॉलिफेनॉल धरून ठेवणारे पॉलिमर) घालता येते. क्लोरोफॉर्म दिल्यावर दोन थरांमधला पांढरट पापुद्रा जाड दिसला, तर क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल पुन्हा देता येते. मग वरच्या द्रवात त्याच्या निम्मे 5 मोलर मिठाचे द्रावण घालून इथेनॉल ओतायचे: डीएनए खाली बसतो, पॉलिसॅकराइड बऱ्याच अंशी द्रवातच राहतात. ही पायरी गाळली तर पेलेट (तळाशी बसलेला डीएनए) जेलीसारखे होते, पिपेटच्या टीपमागे तार ओढली जाते आणि लोड केलेला नमुना जेलच्या वेलमधून वर तरंगतो.

सीटॅबला वेळ जास्त लागतो, फ्यूम हूड अडतो, आणि खोली 15 अंशांच्या खाली गेली तर बफरमध्ये साका धरतो. बाटली कोमट करून घ्यावी लागते. नमुने खूप असतील आणि सगळी तांबूस पालवीच मिळाली असेल, तर किट घेणाऱ्याला मी अडवणार नाही. पण बागेतून येणारी पाने अशी निवडून कुठे मिळतात? मिळेल त्या पानावर काम करायचे असेल, तर माझ्या अनुभवात सीटॅब जास्त भरवशाचे ठरले आहे. फक्त शेवटी डीएनए नेहमीच्या टीईऐवजी (ट्रिस आणि ईडीटीएचे बफर) 10 मिलिमोलर ट्रिसमध्ये विरघळवा. ईडीटीए पीसीआरला लागणारे मॅग्नेशियम धरून ठेवते. आणि पहिल्या पीसीआरला मूळ नमुन्याशेजारी 10 पट पातळ केलेलाही लावा.