टिळकवाडीतला रिव्हर्सलचा क्लास: शिकवणं झकास, बाणवालं सॉफ्टवेअर मात्र नको

आपल्या बेळगावात ट्रेडिंगचे क्लास आता गल्लोगल्ली झालेत, त्यातला आरपीडी क्रॉसजवळचा शनिवार-रविवारचा क्लास मी केला, नाव लिहीत नाही पण तिकडं फिरणाऱ्यांना बोर्ड दिसलेलाच असणार. विषय एकच, पाच आणि पंधरा मिनिटांच्या चार्टवर ट्रेंड उलटतोय हे कसं ओळखायचं. सर निम्मं मराठी निम्मं कन्नड बोलतात, चिकोडी-संकेश्वरकडची पोरं होती त्यांना पण सगळं समजत होतं.

पहिली चांगली गोष्ट म्हणजे सुरुवातीलाच सेबीचा (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 2024 चा रिपोर्ट दाखवला, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एफ अँड ओ म्हणजे फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या साध्या लोकांपैकी 93 टक्के तोट्यात. क्लास विकणारा माणूस हे आधी सांगतो म्हटल्यावर मी जरा सावरून बसलो.

शिकवलेलं खरंच कामाचं आहे. वर चाललेल्या चार्टमध्ये एक मोठी लाल कॅन्डल (तेवढ्या पाच-पंधरा मिनिटांत भाव पडला हे दाखवणारी पट्टी) आली की लगेच शॉर्ट मारायचं नाही, म्हणजे भाव पडेल म्हणून आधीच विकून बसायचं नाही. आधी बघायचं की नवीन टॉप मागच्या टॉपच्या खालीच अडकला का, म्हणजे लोअर हाय झाला का, मग मागचा स्विंग लो, म्हणजे भावाचा मागचा खड्डा, तुटला का, आणि तुटला म्हणजे नुसती शेपूट (कॅन्डलची बारीक रेघ) खाली जाऊन आली असं नाही, कॅन्डल त्याच्या खाली क्लोज झाली पाहिजे. तोवर तो नुसता पुलबॅक, तात्पुरती माघार. हॅमर आणि हँगिंग मॅन दिसायला सेम टू सेम, खाली लांब शेपूट आणि वर छोटी बॉडी (जाड भाग), फरक एवढाच की एक पडलेल्या भावात येतो आणि दुसरा चढलेल्या, हे त्यांनी दोन्ही चार्ट शेजारी लावून दाखवलं. आरएसआय म्हणजे भावाचा जोर मोजणारा आकडा, तो आणि भाव उलट दिशेला गेले की डायव्हर्जन्स, त्यावर तर अर्धा दिवस गेला. भाव नवीन हाय करतोय आणि 14 कॅन्डलचा आरएसआय मागच्यापेक्षा खाली, म्हणजे जोर कमी होतोय एवढंच, एंट्री नाही, जोरदार ट्रेंडमध्ये असली डायव्हर्जन्स चारदा येते आणि भाव वरच जात राहतो. निफ्टी स्पॉट हा नुसता निर्देशांक, त्याची स्वतःची खरेदी-विक्री होत नाही म्हणून व्हॉल्यूम (किती सौदे झाले ते) बघायचा तर फ्युचरचा बघा, हे पण नीट सांगितलं.

चार्ट सगळे जुने होते. कुणीतरी विचारलं कालचा दाखवा की ओ, तर सर म्हणाले जमत नाही, शिकवणाऱ्यांनी मागच्या तीन महिन्यांचे भाव वापरायचे नाहीत असं सेबीनं 2025 च्या जानेवारीत काढलंय. बरोबर आहे त्यांचं. नोट्स मात्र त्याहून जुन्या, अजून निफ्टीची वीकली एक्स्पायरी (आठवड्याचे ऑप्शन संपायचा दिवस) गुरुवारीच छापलीय, ती सप्टेंबर 2025 पासून मंगळवारी झाली. पैसे घेऊन झेरॉक्स देता तर एवढं तरी बदला ओ.

आता खरी गोम. दुसऱ्या दिवशी चहानंतर ‘आपलं’ सॉफ्टवेअर काढलं, चार्टवर बरोबर टॉपला लाल बाण, बरोबर बॉटमला हिरवा, एकही चुकलेला नाही. हॉलमध्ये सगळे गप्प. निपाणीचे एक काका होते, तंबाखूच्या धंद्यातले, ते तेवढे म्हणाले, “सर, हा बाण आला कधी ते दाखवा की.” सर म्हणाले मामा, ते लाईव्हला कळेल. लाईव्हला कळलंच. ट्रायल मिळाली होती ती सोमवारी लावून बसलो, पावणेदहाच्या सुमाराला चालू कॅन्डलवर लाल बाण आला, कॅन्डल बंद व्हायच्या आत भाव परत वर गेला आणि बाण गायब, काहीच खूण नाही. थोड्या वेळानं भाव खरंच पडला, बराच पडून झाल्यावर वरच्या टॉपवर बाण उमटला, जणू तिथं मगासपासूनच होता!

भानगड अशी की एखादी कॅन्डल टॉप आहे हे ठरवायला तिच्या उजवीकडच्या काही कॅन्डल खाली असाव्या लागतात. सेटिंगमध्ये तो आकडा पाच होता, म्हणजे पाच मिनिटांच्या चार्टवर 25 मिनिटं गेल्यावर सिग्नल पक्का होतो, पण बाण काढला जातो मागं जाऊन. याला रीपेंट म्हणतात. म्हणून जुन्या चार्टवर ते कधीच चुकत नाही आणि चालू बाजारात हाती काही लागत नाही. पाऊस पडून गेल्यावर छत्री विकल्यासारखं झालं हे. कुणी असलं काही विकायला आलं तर चार्ट रिप्लेवर टाकायला सांगा आणि एकेक कॅन्डल पुढं सरकवत बाण कुठल्या कॅन्डलला उमटतो ते बघा, आणि रिप्लेत पण चालू कॅन्डलवर येऊन पुसला गेलेला बाण दिसत नाही, त्यासाठी बाजार चालू असतानाच बसायला लागतं.

गंमत म्हणजे जो माणूस कॅन्डल क्लोज होईपर्यंत थांबा म्हणून दीड दिवस ओरडला त्यानंच हे विकायला ठेवलंय. विचारलं तर म्हणाले लोकांना बाणच पाहिजे असतात ओ. तेही खोटं नाही म्हणा.

बाकी हॉल बरा, एसी चालतो, मागच्या बाकावरून प्रोजेक्टरवरचे आकडे दिसत नाहीत तर पुढं बसा. गाडी लावायला जागा नाही. शंका विचारायला नंतर ग्रुप आहे पण तिथं सकाळी नऊपासून नुसते गुड मॉर्निंगच. क्लासला माझ्याकडून चार स्टार, सॉफ्टवेअरला शून्य. फी विचारताना दोन्ही मिळून पॅकेज सांगतात, नुसत्या क्लासची वेगळी फी आहे ती तुम्ही विचारल्याशिवाय सांगत नाहीत.