खिशात मावणारी बारा रंगांची पेटी, वेंगुर्ल्याच्या खाऱ्या हवेत वापरून

चित्रकला रीतसर शिकलेली नाही, पण सकाळी फिरताना वाटेत दिसलेलं काहीतरी कागदावर उतरवावंसं वाटतं, अशांसाठी हे लिहिते आहे. मी वेंगुर्ल्यात औषधांचं दुकान चालवते. दुकान नऊला उघडतं, त्याआधीचा वेळ माझा. पावसाळ्यात, थंडीत आणि मे महिन्याच्या घामातसुद्धा ही पेटी माझ्या पिशवीत असते. त्यामुळे तिचे गुण आणि खोडी, दोन्ही आता नीट माहीत झाल्या आहेत.

पेटी म्हणजे मोबाइलएवढी पत्र्याची डबी. आत बारा ‘हाफ पॅन’, म्हणजे जलरंगाच्या सुकवलेल्या चौकोनी वड्या. झाकणाच्या आतल्या बाजूला रंग मिसळायला पांढरे खण, आणि सोबत दांड्यात पाणी भरायचा ब्रश. किंमत साडेआठशे रुपये. अशा पेट्या बऱ्याच कंपन्या काढतात आणि बनावट जवळपास सारखीच असते, म्हणून नावात शिरत नाही.

या बारांतला एकच रंग ठेवायचा म्हटलं, तर मी बर्न्ट सिएना ठेवीन. कोकणात हा रंग शोधावा लागत नाही. जांभ्याचे गडगे, सड्यावरची म्हणजे जांभ्याच्या पठारावरची वाट, विहिरीचं तोंड, पावसात धुऊन निघालेली घराची भिंत, सगळं त्यातच आहे. त्याला कारणही आहे. जांभ्याचा तांबूसपणा लोहाच्या ऑक्साइडमुळे येतो, आणि बर्न्ट सिएना म्हणजे लोह असलेली पिवळट माती भाजून केलेला रंग. आपल्याकडच्या आणि गोव्यातल्या जुन्या देवळांच्या भिंतींवर जी कावी चित्रं दिसतात, त्यांतली तांबडी कावही याच घराण्यातली. इथल्या मांडवीच्या खाडीकाठी चित्र काढत बसले होते तेव्हा मासे घेऊन चाललेल्या एक आजी थांबल्या. “काय काडतंस गो बाय?” म्हणून विचारलं, वाकून पेटीत बघितलं आणि त्या वडीवर बोट ठेवून म्हणाल्या, “अगो, ही तर आमची मातीच!” दुकानदारानेही या रंगाची एवढी नेमकी ओळख करून दिली नव्हती.

दुसरा कामाचा रंग अल्ट्रामरीन. तो बर्न्ट सिएनात मिसळला की राखाडी तयार होतो. निळा जास्त घातला तर जूनमधलं भरून आलेलं आभाळ, तांबडा जास्त घातला तर ओल्या वाळूची सावली. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खाचांत जाऊन बसतात आणि सुकल्यावर रंग रवाळ दिसतो, म्हणून खडकाला तो फार शोभतो. पेटीतला काळा मी काढूनच टाकला आहे. पांढराही नको. जलरंगात पांढरं म्हणजे कोरा सोडलेला कागद.

हे शिरोड्याच्या मिठागरांत नीट कळतं. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे शिरोड्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, पण पहाटे तिथे जाऊन बांधावर उभं राहणारे थोडेच. चौकोनी वाफ्यांतलं पाणी प्रत्येक ठिकाणी वेगळं दिसतं. एकात आभाळ, एकात नुसता चिखल, एकात पातळ गुलाबी. कडेला मिठाच्या राशी. रास रंगवायची तर तिथे ब्रश न्यायचाच नाही. मागचं आभाळ आणि खालची सावली लावली की रास आपोआप उभी राहते. तिथलंच खडे मीठ ओल्या रंगावर टाकून बघा. खडा आजूबाजूचं रंगीत पाणी ओढून घेतो आणि सुकल्यावर झटकला की फुलासारखा फिकट ठसा उरतो. पावसाळ्यात मात्र हे नीट जमत नाही, तेव्हा मीठच पाझरत असतं.

हिरव्याबद्दल माझी तक्रार आहे. पेटीतले दोन्ही हिरवे प्लास्टिकच्या बादलीला शोभतील असे आहेत. आपल्याकडे नारळाचा हिरवा वेगळा, भाताच्या तरव्याचा वेगळा, काजूच्या जून पानाचा आणखी वेगळा, आणि आंब्याची कोवळी पालवी तर हिरवी नसतेच, तांबूस असते. म्हणून अल्ट्रामरीन आणि पिवळा घ्या, त्यात बर्न्ट सिएनाचा किंचित स्पर्श द्या. त्यातून कोकणातले बहुतेक हिरवे निघतात.

लाल रंग घेताना वडीच्या वेष्टनावरचा रंगद्रव्याचा क्रमांक बघाच. माझ्या पेटीत अलिझरिन क्रिमसन होता, पीआर ८३. दिसायला देखणा, पण उजेडात उडणारा. खिडकीजवळ लावलेली माझी जास्वंद एका उन्हाळ्यात फिकी पडली. आता तिथे पीव्ही १९, क्विनाक्रिडोन रोज बसवला आहे. पॅन सुटे मिळतात, ही या पेटीची मोठी सोय. सड्यावर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सीतेची आसवं फुलतात, त्यांचा निळसर जांभळाही याच गुलाबीत अल्ट्रामरीन घालून येतो. फूल नखाएवढंही नसतं. ते रंगवायला गुडघे टेकून बसावं लागतं, आणि मग आजूबाजूचं त्याहून बारीक काय काय दिसायला लागतं. ही वनस्पती कीटकभक्षी आहे, पाण्यातले सूक्ष्म जीव ती आपल्या इवल्या पिशव्यांत ओढून घेते. चित्राच्या निमित्ताने बसले नसते तर त्या फुलांवरून चालत गेले असते.

आता हवेचा प्रश्न. वड्या कडक होऊन तडकू नयेत म्हणून त्यांत ग्लिसरीन किंवा मध घालतात. दोन्ही हवेतला ओलावा धरून ठेवतात. त्यामुळे जुलैत आपल्याकडे वड्या सुकतच नाहीत, चिकट राहतात, आणि पेटी तशीच मिटली तर बुरशी येते. माझा उपाय दुकानातलाच. औषधांच्या डब्यांतून सिलिका जेलच्या पुड्या निघतात, त्या स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात टाकून पेटी आणि वही त्यात ठेवते. मिसळायच्या पाण्यात लवंग तेलाचा एक थेंब टाकते. तेव्हापासून बुरशी दिसलेली नाही. पुड्या मात्र लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका.

सोबतचा ब्रश ठीकठाक. पाणी सोडताना अंदाज येत नाही, आभाळ भरायला तर तो अगदीच अपुरा. एक जाडसर गोल ब्रश वेगळा घ्या.

आणि कागद. पैसे वाचवायचे तर रंगांत वाचवा, कागदात नको. ३०० जीएसएमचा म्हणजे चांगला जाड, शक्यतो पूर्ण सुती, कोल्ड प्रेस्ड म्हणजे किंचित खडबडीत कागद घ्या. साध्या चित्रकलेच्या वहीवर हा रंग लावला की कागद फुगतो, रंगाचे डाग पडतात, आणि माणूस स्वतःलाच दोष देऊन चित्र सोडून देतो. माझ्याकडे गोळ्या घ्यायला येणाऱ्या कितीतरी जणांनी मला सांगितलंय, “मला चित्र जमत नाही हो.” त्यांतल्या दोघींना मी या कागदाचे तुकडे कापून दिले. त्या आता रविवारी माझ्याबरोबर असतात.

कुठे जायचं? वेंगुर्ल्यात असाल तर मांडवी खाडीत महिला बचतगट तिवरांच्या वनातून होडीची फेरी घडवतो, ती घ्या. पण आदल्या किंवा नंतरच्या सकाळी काठाने चालतही जा. तिवरांतलंच एक झाड, पांढरी चिप्पी, तिथे बघायला मिळेल. २०२० साली तिला राज्य कांदळवन वृक्ष केलं गेलं. तिचं फूल रात्री उमलतं आणि सकाळपर्यंत त्याचे पांढरे केसर चिखलावर गळून पडलेले असतात. चिखल गडद रंगवून केसरांच्या जागा कोऱ्या सोडायच्या. माझ्या आत्तापर्यंतच्या चित्रांत मला सगळ्यात आवडतं ते हेच, आणि त्यात फूल नाही.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो हिरव्यांसाठी आणि ब्रशसाठी. वेंगुर्ल्याच्या बाजारात ही पेटी मला मिळाली नाही, ऑनलाइन मागवावी लागली. कागद त्याच वेळी मागवा, आणि पावसाळ्यात मागवणार असाल तर तो प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून पाठवणारा विक्रेता निवडा.