लाकडी जमीन घरीच घासून पॉलिश केली: आठ महिन्यांनंतर

बैठकीची खोली आणि तिला लागून असलेला बोळ, दोन्हींची जुनी ओकची जमीन आम्ही घरच्या घरी घासून पॉलिश केली, त्याला आता आठ महिने झाले. काम संपलं त्या आठवड्यात मुद्दामच काही लिहिलं नाही. नव्या पॉलिशच्या झळाळीत सगळंच छान दिसतं. खुर्च्या सरकल्या, पाणी सांडलं, रोजचा झाडू फिरला, की मग जमीन काय ते सांगते.

पहिली गोष्ट, मी पॉलिशचा डबा निवडण्यात तीन आठवडे घालवले आणि घासण्याच्या यंत्राचा विचार एका संध्याकाळी उरकला. हे उलटं व्हायला हवं होतं. आज खोलीत जे जे खटकतं, त्यातलं जवळपास सगळं घासण्यातून आलेलं आहे. पॉलिशबद्दल तक्रार करावी असं फारसं काही नाही.

मोठ्या खोलीसाठी ड्रमचं यंत्र भाड्याने आणलं. त्यात घासायच्या पेपरचा पट्टा गुंडाळलेला रोलर जोरात फिरतो आणि एका जागी क्षणभर जरी थांबला तरी लाकूड खातो. चालायला लागल्यावरच ड्रम खाली टेकवायचा आणि थांबण्याआधी उचलायचा, हे मला माहीत होतं. तरीही दाराजवळ वायर पायात आली, मी अडखळलो, आणि तेवढ्यात तिथे हातभर रुंदीचा खळगा पडला. डोळ्यांना तो दिवसा दिसत नाही, पण अनवाणी पायाला रोज कळतो. पुन्हा हे काम करायचं झालं तर मी गोल चकत्यांचं, सपाट बसणारं यंत्र घेईन. त्याला वेळ जास्त लागतो, पण हात चुकला तर ते एवढी मोठी शिक्षा करत नाही.

भिंतीच्या कडेला ड्रम पोचत नाही, तिथे लहान गोल यंत्र लागतं. माझी सगळ्यात मोठी चूक इथे झाली. मधल्या भागावर 40, 60, 80 आणि 100 असे चारही पेपर क्रमाने फिरवले (आकडा जितका मोठा तितका पेपर बारीक), आणि कडेला मात्र कंटाळून 40 नंतर थेट 100 लावला. जाड पेपरचे ओरखडे काढायला त्याच्या पुढचाच पेपर लागतो. खूप बारीक पेपर त्या ओरखड्यांची फक्त टोकं गुळगुळीत करतो, खोली तशीच राहते. कच्च्या लाकडावर हे अजिबात दिसलं नाही. पॉलिशचा पहिला हात लागला आणि खिडकीखाली चंद्रकोरीसारख्या रेघा एकामागून एक उमटल्या. संध्याकाळी ऊन तिरपं आलं की आजही त्या मोजता येतात. ओळखण्याचा उपाय सोपा आहे, पण तो मला नंतर कळला: प्रत्येक पेपरच्या आधी जमिनीवर पेन्सिलने हलक्या रेघा माराव्यात आणि त्या सगळ्या पुसल्या जाईपर्यंत घासावं. शिवाय दिवा जमिनीलगत आडवा ठेवून बघावं. वरच्या दिव्यात ओरखडे लपतात.

सुरुवात करण्याआधी फळीची जाडी बघितली, हे मात्र नीट केलं. उंबरठ्याची पट्टी काढली की फळीची कड दिसते. आमच्या फळ्या अखंड लाकडाच्या, 19 मिलिमीटर जाडीच्या आहेत आणि फळ्या एकमेकींत अडकवणाऱ्या खाचेच्या वर 6 मिलिमीटर लाकूड शिल्लक होतं. पूर्ण घासण्यात साधारण अर्धा ते एक मिलिमीटर जातो. वर नुसता पातळ थर चिकटवलेल्या फळ्या असतील तर ही चाचणी टाळूच नका, कारण तो थर एकदा फाटला की परत येत नाही. खिळ्यांची डोकी सुंभ्याने, म्हणजे खिळा आत दाबायच्या लोखंडी दांडीने, खोल ठोकली. एकही खिळा वर राहिला तर पट्टा फाटतो आणि ठिणगी उडते. जुना रंग असेल तर त्यात शिसं आहे का हे तपासून मगच घासायला घ्यावं, लहान मुलं घरात असतील तर नक्कीच.

कुंडीखालचा काळा डाग हा माझ्या आवडीचा भाग. तो घासून जाईना. पांढरट डाग बहुतेक वेळा वरच्या थरात असतो, काळा लाकडात उतरलेला असतो. ओकमध्ये टॅनिन असतं आणि पाण्याबरोबर लोखंडाचा अंश आला की लाकूड काळं पडतं. ऑक्झॅलिक ॲसिडचं पाणी दोनदा लावलं. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि नंतर भरपूर पाण्याने पुसून पूर्ण वाळू द्यायला हवं. डाग एवढा फिकट झाला की आता तो मला शोधावा लागतो.

पॉलिश म्हणून पाण्यावर आधारलेलं पॉलियुरेथेन वापरलं, तीन हात. तेलावरचं लाकडाला सोनेरी झाक देतं, पण त्याचा एक हात वाळायला रात्र लागते आणि वास उग्र असतो. आमचं काही तासांत वाळलं. पहिल्या हाताने लाकडाचे तंतू उभे राहिले, ते 220 च्या पेपरने हलके घासून धूळ ओल्या फडक्याने टिपली. वाळणं आणि कडक होणं यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या दिवशी चालता येतं, पण गालिचा मी महिनाभर गुंडाळूनच ठेवला.

उंबरठ्याला जवसाचं तेल लावलं होतं. इथे एक गोष्ट मनापासून सांगतो: तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कचऱ्यात टाकू नका. तेल वाळताना गरम होतं आणि गोळा केलेल्या फडक्यांत ती उष्णता कोंडून आपोआप आग लागू शकते. ती बाहेर एकेक करून पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. भुशाची पिशवीही रोज घराबाहेर रिकामी करा.

आता जमीन कशी आहे? बोळाच्या मधोमध चमक कमी झाली आहे, पण थर शाबूत आहे. पाण्याचा थेंब टाकला तर तो अजून मण्यासारखा उभा राहतो. फळ्यांच्या फटींत भरलेली लांबी (पुट्टी) मात्र निम्म्याहून अधिक उखडली. कोरड्या हवेत फळ्या आकसतात, दमट हवेत फुगतात, आणि भरलेला माल त्या हालचालीत तुटतो. फटी तशाच सोडायला हव्या होत्या. खुर्च्यांच्या पायांना लावलेले फेल्टचे तुकडे दर दोन महिन्यांनी बदलतो, कारण त्यांत खडे रुतले की तेच पेपरचं काम करतात. पुसताना फडकं घट्ट पिळतो, वाफेचं यंत्र जवळही आणत नाही.

पुढच्या महिन्यात बोळाला वरवर घासून आणखी एक हात देणार आहे, थर झिजून लाकूड उघडं पडायच्या आत. त्याला ड्रम लागत नाही, 120 ची घासायची जाळी लावलेलं बफर, म्हणजे सपाट चकती फिरवणारं यंत्र, पुरतं. खिडकीखालच्या रेघा मात्र पूर्ण घासल्याशिवाय जाणार नाहीत, त्यामुळे काही वर्षं तरी त्या तिथेच राहतील.