घरी ओतलेल्या जिगना रंग कसला द्यायचा: पावडर, व्हिनाइल की नेलपॉलिश

मासेमारीसाठी घरी शिसं वितळवून जिगहेड (गळावरच ओतलेलं शिशाचं डोकं, थोडक्यात जिग) आणि सिंकर (दोरा खाली ओढणारं नुसतं वजन) ओतायला लागलं की साचा, गळ, ओतायचा डाव वगैरेचं सगळं जमतं आणि मग पुढचा प्रश्न उभा राहतो की रंग कसला लावायचा. पावडर कोटिंगचे, म्हणजे कोरडी रंगाची पावडर लावून ओव्हनमध्ये भाजून पक्क्या केलेल्या रंगाचे, चकचकीत फोटो बघून बहुतेकांनी मनातून पावडर आधीच ठरवलेली असते. मी पण पावडरवालाच आहे, पण सगळ्यांनी पावडरच घ्यावी असं अजिबात नाही, आणि काही लोकांनी तर तिच्या वाटेलाच जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. कारण यात खरा फरक रंगाचा नाहीये, भट्टीचा आहे. स्वयंपाकापासून पूर्ण वेगळा असा एक छोटा ओव्हन आणि तो ठेवायला हवेशीर जागा तुमच्याकडे आहे का? नसेल तर पावडरचे परिच्छेद सोडून सरळ व्हिनाइलवर जा.

ओव्हनचं एवढं का लावून धरलंय ते आधी सांगतो. शिशाचे तुकडे ज्या ओव्हनमध्ये तापले त्यात परत पाव भाजायचा नाही, कधीच नाही, 'नीट पुसून घेतो' हे उत्तर चालत नाही. शिसं ३२७ डिग्री सेल्सिअसला वितळतं आणि पावडर भाजतो आपण १७५ ते २०० च्या आसपास, त्यामुळं शिशाची वाफ वगैरे होत नाही हे खरं, पण ओतलेल्या शिशावर जो ऑक्साइडचा करडा थर असतो ना त्याची धूळ ट्रेला लागते, हाताला लागते, आणि धोका त्या धुळीचा आहे. लहान मुलांच्या बाबतीत रक्तातल्या शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी माहीत नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. वर पावडर भाजताना स्वतःचा वास आणि धूर येतो तो वेगळाच. तेव्हा जुना टोस्टर ओव्हन, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, आणि तो घरात नाही तर गॅरेजमध्ये किंवा शेडमध्ये. हे जमत असेल तरच पुढं बोलू.

आता पावडर. पद्धत ऐकायला एकदम सोपी आहे, जिग गळाच्या बाजूनं पकडीत धरायचा, डोक्याला हीट गननं काही सेकंद गरम करायचा, पावडरमध्ये बुडवून पटकन फिरवून बाहेर काढायचा, पावडर गरम शिशाला लागल्या लागल्या वितळून चमकायला लागते. चमक आपोआप आली तर उष्णता बरोबर होती, दाणेदार मॅट राहिला तर कमी पडली, परत थोडी हीट गनची गरम हवा द्या. आणि खाली थेंब लोंबायला लागला तर जास्त तापवलंत. बाटलीत बसून घट्ट झालेल्या पावडरमध्ये बुडवलं तर ढेकळं चिकटून जाड ओबडधोबड थर बसतो, म्हणून आधी पावडर हलवून मोकळी करायची, किंवा ज्यांना मोठ्या बॅच काढायच्यात ते फ्लुइड बेड बनवतात, म्हणजे तळाला फिल्टर लावलेला पाईपचा कप आणि खालून फिश टँकच्या एअर पंपाची हवा. त्या हवेनं पावडर उकळल्यासारखी हलकी होते आणि थर इतका पातळ नि सारखा बसतो की हातानं तसा कधीच येत नाही.

इथपर्यंत आल्यावर बरेच जण थांबतात कारण जिग दिसायला तयार झालेला असतो, पण तो तयार नसतो. पावडर वितळून पसरली म्हणजे पक्की झाली असं नाही. ही थर्मोसेट पावडर असते, तिच्यात रासायनिक जोडणी व्हायला ठराविक तापमानाला ठराविक वेळ द्यावाच लागतो, साधारण १७५ डिग्रीला २० मिनिटं, पण डब्यावर कंपनीनं जे लिहिलंय तेच खरं मानायचं, आणि वेळ मोजायचा तो जिग त्या तापमानाला पोचल्यापासून, ओव्हन चालू केल्यापासून नाही. न भाजलेली पावडर पहिल्या दगडावर टवका उडवते. मग लोक म्हणतात पावडर काही खास नाही. अहो, भाजलीच नाही तर काय खास असणार. पावडर अर्धवट करण्यापेक्षा सरळ नेलपॉलिश लावलेलं परवडलं.

नीट भाजलेली मात्र खरंच दणकट असते. दगडाळ तळावर आपटत ओढायचे जिग असतील तर तिच्या जवळपास बाकीचं काही येत नाही. दुसरा फायदा कमी लोक सांगतात, पण मला तोच मोठा वाटतो, सॉफ्ट प्लास्टिकची आमिषं असतात त्यात प्लास्टिक मऊ ठेवणारं एक तेलकट द्रव्य असतं आणि ते साध्या लॅकर, इनॅमलसारख्या रंगांना हळूहळू मऊ करतं. डब्यात जिग आणि ग्रब (अळीसारखी प्लास्टिकची आमिषं) एकत्र पडून राहिले की रंग चिकट होऊन सगळ्याचा गोळा होतो. भाजलेल्या पावडरला यानं सहसा काही होत नाही.

तोटे? गळाचं कान, म्हणजे दोरा ओवायचं भोक, बुजतं, ते गरम असतानाच सुईनं मोकळं करायचं, थंड झाल्यावर करायला गेलात तर कडेचा रंगही निघतो. एका जिगवर दोन-तीन रंगांचं बारीक काम करायचं असेल तर जमतं, पण कुंचल्यानं गरम शिशावर पावडर शिंपडत बसायला चिकाटी लागते. फ्लुरोसंट रंग जास्त तापले की मळकट होतात, पांढरा पिवळट पडतो. टोस्टर ओव्हनच्या बटणावर लिहिलेल्या आकड्यावर तर अजिबात विश्वास ठेवू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. आणि पावडर उडालेल्या हवेत आग नको, हवेत तरंगणारी बारीक पावडर भडकू शकते, म्हणून मेणबत्तीवर किंवा गॅसच्या टॉर्चवर जिग तापवून शेजारीच पावडरचा कप ठेवायचा प्रकार मला बिलकुल आवडत नाही, शिवाय उघड्या ज्योतीत गळाचं पोलाद लाल झालं तर त्याचं पाणी उतरतं आणि गळ मऊ पडून सरळ होतो. ओव्हनच्या तापमानाला गळाला काही होत नाही. तोंडाला मास्क हवाच.

आता एक गोष्ट जी रंग घ्यायच्या आधी तपासायची, ती म्हणजे तुम्ही नक्की काय ओतताय. शुद्ध शिसं किंवा थोडं अँटिमनी असलेलं चाकाच्या वजनांचं शिसं असेल तर काळजी नाही. पण भंगारातून आलेल्या मालात सोल्डर बरंच मिसळलं असेल तर जपून, शिसं आणि टिनचं मिश्रण १८३ डिग्रीलाच वितळायला लागू शकतं, म्हणजे १७५ लावलेला ओव्हन जरा वर सरकला की जिग बसका. शुद्ध टिनचे ओतले असतील तर ते २३२ ला वितळतं, पावडर चालेल पण ओव्हनवर लक्ष हवं. आणि शिसं नको म्हणून बिस्मथ-टिन मिश्रधातूकडे गेलेल्या मंडळींसाठी तर पावडरचा दरवाजा बहुतेक बंदच, कारण त्यातलं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं ५८-४२ मिश्रण १३८ डिग्रीला वितळतं. रंग पक्का व्हायच्या आत जिग ट्रेवर थेंब होऊन पडेल. त्यांनी व्हिनाइलच घ्यावा, यात विचार करण्यासारखं काही नाही.

व्हिनाइल जिग पेंट म्हणजे द्रव रंग, बुडवायचा, वाळत घालायचा, झालं. सॉल्व्हंट उडून वाळतो, उष्णता लागत नाही, त्यामुळं ओव्हन नसलेल्यांना खरा आधार हाच. पण एका कोटात काम होत नाही हे लक्षात ठेवा. शिशाच्या करड्या रंगावर पिवळा किंवा शेंदरी थेट लावला तर मेल्यासारखा दिसतो, आधी पांढरा बेस, मग रंग, वर पारदर्शक कोट, प्रत्येक थर पातळ आणि मधे वाळायला वेळ. डबा उघडा राहिला की रंग घट्ट होतो आणि त्याच कंपनीचा थिनर घालत बसावं लागतं. वास जबरदस्त असतो, खिडकी उघडी ठेवून भागत नाही, बाहेरच करा. टिकाऊपणात भाजलेल्या पावडरच्या खाली पण नेलपॉलिशच्या बराच वर. आणि बारीक कामात हा राजा आहे, डोळे, ठिपके, पट्टे, दोन रंगांचं डोकं, सगळं कुंचल्यानं निवांत होतं. चुकलं तर ॲसिटोननं पुसून परत सुरू. पक्क्या पावडरला तसं पुसता येत नाही आणि रंगवलेला जिग परत वितळवायला टाकला तर जो काळा विषारी धूर निघतो तो नको रे बाबा.

नेलपॉलिशबद्दल फार बोलण्यासारखं नाही. एखाद-दुसरा जिग, नवा रंग माशांना आवडतो का बघायचंय, घरात बाटली आहे, लावा. दगडाला लागली की उडते आणि सॉफ्ट प्लास्टिकसोबत ठेवली तर चिकट होते. वर दोन भागांच्या एपॉक्सीचा पारदर्शक थर दिला तर आयुष्य बरंच वाढतं, पण तेवढे कष्ट घ्यायचेच तर व्हिनाइल का नाही हा प्रश्न येतोच.

गळ नसलेल्या सिंकरचं गणित वेगळं आहे. त्यांना एकेक तापवून बुडवायची गरज नसते, प्लास्टिकच्या डब्यात पावडर आणि एअरसॉफ्टच्या (खेळातल्या बंदुकीच्या) प्लास्टिक गोळ्यांबरोबर घालून डबा गरागरा हलवायचा, घर्षणानं स्थिर वीज तयार होते आणि पावडर शिशाला चिकटते, मग जाळीवर ठेवून भाजायचे. ही युक्ती घरी बुलेट ओतणाऱ्या नेमबाजांकडून आली, त्यांना बॅरलमध्ये शिसं चिकटू नये म्हणून कोट हवा असतो. गळवाल्या जिगला हे जमत नाही, गळ एकमेकांत अडकून गुंता होतो. आणि दोऱ्यावर चिमटून लावायच्या, चीर असलेल्या छोट्या गोळीला, म्हणजे स्प्लिट शॉटला तर रंगच देऊ नका, चीर बुजते.

कुठलाही रंग निवडा, आधीची तयारी तीच आहे. साच्याची काजळी आणि हाताचं तेल ॲसिटोननं काढायचं आणि त्यानंतर उघड्या बोटांनी धरायचं नाही. हातमोजे घालाच, काम झाल्यावर साबणानं हात धुवा, आणि कामाच्या टेबलावर चहा नको.

रंग दिला म्हणजे शिसं निर्धोक झालं असंही कुणी समजू नये. हाताला लागणं कमी होतं एवढंच. पाणपक्ष्यानं छोटं वजन गिळलं तर त्याच्या पोटात ते खड्यांबरोबर घासलं जातं आणि कोट फार टिकत नाही. ब्रिटनमध्ये १९८७ पासून ०.०६ ते २८.३५ ग्रॅममधल्या शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली ती मुख्यतः हंसांच्या मृत्यूंमुळं, आणि कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांमध्ये ५० ग्रॅमच्या आतली शिशाची वजनं १९९७ पासून चालत नाहीत. वरून रंग दिलाय ही सबब चालेल असं धरून जाऊ नका, जिथं मासे धरता तिथला नियम आधी बघा, नाहीतर ओव्हनपासून पावडरपर्यंतचा सगळा खर्च वाया.

मी स्वतः काय करतो विचाराल तर तळाचे, एका रंगाचे जिग सगळे पावडरमध्ये, आणि भाजून थंड झाले की डोळे व्हिनाइलनं काढून वर एपॉक्सीचा एक थेंब. क्रम उलटा करू नका, व्हिनाइल ओव्हनमध्ये फुगून फोड येतात. चिकटवायचे प्लास्टिकचे डोळे, सिलिकॉनचे स्कर्ट (जिगभोवतीच्या झालरी), पिसं हे सगळंही भाजून झाल्यावरच. उथळ पाण्यातल्या, चिखलाच्या तळावर वापरायच्या जिगना मात्र पावडरचा खटाटोप मी करत नाही, तिथं आपटायला दगडच नसतात, व्हिनाइलचे दोन हात पुरतात.